कोणती एनआयटी, कोणती सीसी? नागपुरात अर्ज करताना या चुका टाळा

सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर मी लोकांचे अर्ज टाइप करून देतो. माझ्या टेबलावर परत आलेल्या कितीतरी अर्जांत मागणी रास्त होती, कागद जोडलेले होते, सहीसुद्धा जागेवर होती. वर लिहिलेलं दोन-तीन अक्षरांचं नाव तेवढं भलत्याच ठिकाणचं निघालं. त्या तीन अक्षरांपायी माणसाचा महिना जातो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त गोंधळ एनआयटीचा. नागपूरकराची एनआयटी म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास. 1936 च्या कायद्याने आलेली, ले-आऊट, प्लॉट, गुंठेवारीची कामं बघणारी, सदरमधली. पेपरवाले तिलाच नासुप्र लिहितात. बाहेरगावच्या माणसाला मात्र एनआयटी म्हटलं की इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं, आणि तेही आपल्याकडे आहे: अंबाझरीकडचं विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान, म्हणजे व्हीएनआयटी. 1960 मध्ये ते व्हीआरसीई या नावाने सुरू झालं, 2002 मध्ये नाव बदललं, पण जुनी मंडळी आजही व्हीआरसीईच म्हणतात. आता पुण्यात नोकरी करणारा मुलगा वडिलांच्या प्लॉटसाठी मोबाइलवर 'एनआयटी नागपूर' शोधतो आणि कॉलेजचा पत्ता उचलून पाकिटावर टाकतो. असं पाकीट मी स्वतः पाहिलंय.

माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर फटका दुहेरी बसतो. सुधार प्रन्यास राज्य सरकारच्या अखत्यारीत, म्हणून तिथे 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. व्हीएनआयटी केंद्राची. केंद्राच्या नियमांत कोर्ट फी स्टॅम्पच नाही. तिथे पोस्टल ऑर्डर, डीडी किंवा रोख. म्हणजे नाव चुकलं की फीसुद्धा चुकते. पत्त्यात 'सभापती, नागपूर सुधार प्रन्यास' असं पूर्ण लिहा, एनआयटी हा शब्दच टाळा.

तसंच एनएमसीचं. आपल्याला ती महानगरपालिका वाटते, डॉक्टरांना ती 2020 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे. घरटॅक्सच्या अर्जात 'नागपूर महानगरपालिका' आणि पुढे झोनचं नाव लिहिलं की प्रश्न मिटतो.

आता रेल्वे. इथे संक्षेप लिहिला नाही तरी घोळ होतो, कारण पूर्ण नावच दोघांचं सारखं आहे. नागपुरात रेल्वेचे दोन 'नागपूर विभाग' आहेत. एक मध्य रेल्वेचा, ज्याचं मुख्यालय मुंबईत. दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, ज्याला पेपरात दपूम रेल्वे म्हणतात आणि ज्याचं मुख्यालय बिलासपूरला आहे. दोन्हींचे डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक, नागपुरातच बसतात. वर्धा, बल्लारशा, आमला ही बाजू मध्य रेल्वेची. कामठी, गोंदिया, छिंदवाडा, नागभीड ही बाजू दपूमची. नागपूरचं मोठं स्टेशन मध्य रेल्वेकडे, इतवारी दपूमकडे.

मागच्या उन्हाळ्यात कामठीच्या एक मावशी आल्या होत्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो वारल्यावर मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनच्या कागदात त्यांच्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं. मी विचारलं, कोणती रेल्वे? "मले तं नागपूर डिव्हिजन एवढंच मालूम हाय जी." मी पुढे काहीच न विचारता 'मध्य रेल्वे, नागपूर विभाग' टाइप करून दिलं. वीस-बावीस दिवसांनी मावशी उन्हात पायी परत आल्या. खिडकीवर त्यांना सांगितलं होतं की हे नाव आमच्या रेकॉर्डला नाही.

चूक माझी होती. त्या दिवशी मी त्यांची प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उघडली आणि एकेक कागद पाहिला. तळाशी घडी पडून पिवळं झालेलं सर्व्हिसचं प्रमाणपत्र होतं, त्यावरच्या जांभळ्या शिक्क्यात 'द. पू. रेल्वे' एवढीच अक्षरं वाचता येत होती. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे हा झोन 2003 मध्ये सुरू झाला. त्याआधी हा विभाग दक्षिण पूर्व रेल्वेत होता, तिचं मुख्यालय कोलकात्याला. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या कागदावर एका रेल्वेचं नाव, आज अर्ज घेणारी रेल्वे दुसरी, आणि 'नागपूर' मात्र दोन्हीकडे. तेव्हापासून रेल्वेचं काम आलं की मी आधी पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ मागतो, त्यावरचं झोनचं नाव वाचतो आणि मगच टायपिंगला हात लावतो. तुमच्याकडे जुना कागद असेल आणि त्यावर 'द. पू. रेल्वे, नागपूर' असेल, तर अर्ज आज दपूमकडे जाईल हे धरून चाला.

फ्लॅट घेणाऱ्यांनी सीसी या दोन अक्षरांकडे नीट बघावं, कारण इथे प्रश्न पैशांचा आहे. बिल्डरचा माणूस म्हणतो, "सीसी आली आहे, काळजी नको." कोणती सीसी? एक असते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधायला सुरुवात करायची परवानगी. दुसरी बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. दोघांची इंग्रजी आद्याक्षरं सारखीच, मध्ये अख्खी इमारत. पहिली सीसी रिकाम्या प्लॉटलाही मिळते. फ्लॅटमध्ये राहायला जाण्यासाठी लागतं ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, ते आणखी वेगळं. बँकेत जाल तर सीसी म्हणजे व्यापाऱ्याची कॅश क्रेडिट, आणि नगरसेवकाच्या तोंडी सीसी म्हणजे सिमेंटचा रस्ता. म्हणून तोंडी शब्दावर टोकन देऊ नका. कागद हातात घ्या, सगळ्यात वरची ओळ वाचा, 'प्रारंभ' लिहिलंय की 'पूर्णत्व' ते बघा, तारीख बघा. प्रकल्प महारेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर अपलोड केलेले दाखले घरबसल्या उघडून पाहता येतात.

जमिनीच्या अर्जात एक बारीक चूक नेहमी होते. फॉर्ममधला रकाना लागू नसला की लोक सवयीने 'एनए' लिहितात. जमिनीच्या कागदात एनए म्हणजे अकृषिक. शेताच्या अर्जात जमिनीच्या प्रकारापुढे एनए लिहिलं, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? 'लागू नाही' असं मराठीत लिहा. आरएलचंही थोडं तसंच: प्लॉटवाल्यांच्या जगात आरएल म्हणजे सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर, दवाखान्यात ती सलाइनची बाटली. तिथे सहसा घोळ होत नाही, पण बाहेरगावच्या नातेवाइकाला मेसेज करताना पूर्ण लिहिलेलं बरं.

दवाखान्यावरून आठवलं, आणि ही चूक अर्जाहून गंभीर आहे. नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधांचं दुकान आणि 'मेडिकल' म्हणजेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. 'मेयो' हे वेगळं सरकारी रुग्णालय, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. गावाकडून पेशंट येत असेल तर फोनवर नुसतं "मेडिकलला आणा" म्हणू नका. 'मेडिकल चौकातलं मोठं सरकारी हॉस्पिटल' असं सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

अर्ज चुकीच्या ऑफिसात गेलाच असेल तर? माहिती अधिकाराचा असेल तर कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे त्या ऑफिसने तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो आणि तुम्हाला तसं कळवायचं असतं. साध्या अर्जाला अशी सोय नसते. तिथे वाट पाहत बसू नका. पोचपावतीची झेरॉक्स जोडून योग्य ऑफिसच्या नावाने त्याच दिवशी नवा अर्ज द्या आणि 'दिनांक अमुक रोजीचा अर्ज अनवधानाने दुसऱ्या कार्यालयात सादर झाला' ही एक ओळ घाला. कामठीच्या मावशींचा दुसरा अर्ज मी असाच केला. वरची ओळ पूर्ण लिहिली, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, नागपूर विभाग, कार्मिक शाखा, आणि त्याखाली नवऱ्याचं नाव, हुद्दा, कामठी. मावशींना ती ओळ दोनदा वाचून दाखवली, मग त्यांनी अंगठा दिला.