जुन्या जीपला हीट मीटर बसवायच्या आधी

पहिलं काम दुकानात नाही, बोनेट उघडून करायचं आहे. हीट मीटर म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा, आणि ते तापमान मोजतो पाण्यात बसवलेला सेंसर. हा सेंसर नेमका कुठे बसणार हे ठरल्याशिवाय मीटर विकत घेऊ नका. डायल काळी हवी की पांढरी, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. माझी गाडी १९९१ ची महिंद्रा एमएम ५४०. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, २११२ सीसी. खालचं सगळं या गाडीवर केलेलं आहे, पण पाण्यावर थंड होणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला थोड्याफार फरकाने तेच लागू पडतं.

जागा तीन मिळतात. कंपनीचा जुना सेंसर काढून त्याच भोकात नवा बसवणं सगळ्यात सोपं, पण मग डॅशवरचा मूळ काटा मेला. काही जण जुना सेंसर ठेवून त्याच्याच वायरला नवा मीटर जोडतात. तसं केलंत तर दोन्ही काटे खोटं बोलतात, कारण एका सेंसरच्या रेझिस्टन्सवर दोन मीटर ओढ लावतात. दुसरी जागा म्हणजे रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, कापून मध्ये बसवायचा अॅडॅप्टर. भोक पाडायला नको, म्हणून लोकांना तो आवडतो. मलाही आवडला होता. तिसरी जागा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, अलीकडे, इंजिनच्या बाजूला, जिथे पाणी कायम फिरत असतं. तिथे एखादा रिकामा प्लग सापडला तर देव पावला.

अॅडॅप्टरचं मला का नको झालं ते सांगतो. महाडहून वरंधा घाट चढत होतो. काटा ९५ वर गेला, आणि मग हळूहळू उतरत ७० वर आला. मी खूश, म्हटलं वारा लागला वाटतं. होजची क्लिप मीच ढिली ठेवली होती. पाणी केव्हाच रस्त्यावर सांडलं होतं आणि सेंसर कोरड्या होजमध्ये गार होत बसला होता. इंजिन तापलं, आणि सिलिंडर हेड काढून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावं लागलं. सेंसर फक्त त्याला जे शिवतं तेच सांगतो. पाणी नसेल तर तो हवेचं तापमान सांगणार. म्हणून यादीत मीटरच्याही वर लिहा: सगळ्या होजच्या क्लिपा नव्या, फुगलेला किंवा चिरलेला होज नवा, रेडिएटरचं झाकण नवं. झाकणाचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही. ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, तेच झाकण गळकं असेल तर शंभराच्या आसपासच बुडबुडे.

आता आटे. इथे घाई केलीत तर हाउसिंग, म्हणजे सेंसर ज्यात बसतो तो धातूचा भाग, जाईल. दोन प्रकारचे पाइप थ्रेड बाजारात मिसळलेले असतात, ब्रिटिश मापाचे बीएसपी आणि अमेरिकन मापाचे एनपीटी. पाव इंचात बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. अष्टमांश इंचात २८ आणि २७. फरक इतका कमी, की चुकीचा सेंसरही हाताने दोन फेरे सुखाने जातो आणि पुढे पाना लावला की आटे खातो. शिवाय मेट्रिकवाले वेगळेच. जुना सेंसर किंवा प्लग काढून खिशात घाला, दुकानात थ्रेड गेज लावून बघा. पुण्यात नाना पेठेत बहुतेक सगळं मिळतं; न मिळाल्यास लेथवाल्याकडून पितळेचा रिड्यूसर करून घ्या, मापाला नमुना द्या, तोंडी माप सांगू नका. एका वायरच्या सेंसरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं, त्यामुळे टेफ्लॉन टेपचे सहा वेढे मारू नका. एखाद-दुसरा वेढा, किंवा आटे निमुळते नसून सरळ असतील तर तांब्याचा वायसर.

कॅपिलरीवाला, म्हणजे बल्बपासून काट्यापर्यंत बारीक नळी असलेला मेकॅनिकल मीटर, की इलेक्ट्रिक? मेकॅनिकलला वायरिंग लागत नाही आणि बॅटरी मेली तरी तो चालतो. पण ती बारीक तांब्याची नळी कापता येत नाही, जोडता येत नाही, जोरात वाकली की मीटर भंगारात. शिवाय त्याचा बल्ब जाडजूड, माझ्या हाउसिंगमध्ये तेवढं मांसच नव्हतं. मी इलेक्ट्रिक घेतला. मीटर आणि सेंसर मात्र एकाच कंपनीचा, जोडीनेच घ्या.

बसवायच्या आधी स्वयंपाकघरात परीक्षा. एक टाकाऊ पातेलं घ्या, चहाचं नको, घरात भांडण होईल. मीटरला १२ व्होल्टच्या बॅटरीची प्लस-मायनस द्या, सेंसरच्या टोकाला मीटरची वायर, आणि सेंसरच्या अंगाला बॅटरीच्या मायनसवरून एक तार गुंडाळा. ती विसरलात तर काटा हलणारच नाही. फक्त पितळी टोक पाण्यात बुडवा आणि पाणी उकळू द्या. इथे एक गंमत आहे: पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साधारण साडेपंच्याण्णवला. त्यामुळे काटा शंभराला टेकला नाही म्हणून मीटर परत करायला धावू नका. उलट पुण्यात बरोबर १०५ दाखवत असेल तर जरूर धावा.

वायरिंगचं सामान थोडकं. इग्निशनवर चालू होणारी लाइन, तिच्यावर छोटा फ्यूज, १ स्क्वेअर मिलिमीटरची ऑटो वायर, वायरच्या टोकाला लावायचे लग, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, आणि इंजिन-केबिनमधल्या पत्र्याच्या भोकासाठी रबरी ग्रोमेट. ग्रोमेट विसरलात तर सहा महिन्यांत पत्रा वायर कापतो. वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा. आणि इंजिनपासून चॅसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा. जुन्या गाडीत काटा नाचतो तो बहुतेक वेळा इथल्या गंजामुळे. डॅशला भोक पाडायचं नसेल तर स्टिअरिंग कॉलमजवळ ब्रॅकेट लावा. पाडायचंच असेल तर बहुतेक मीटर ५२ मिलिमीटरचे असतात, त्या मापाचा होल सॉ मागून आणा.

पाणी काढायला रुंद तोंडाची बादली हवी. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात, म्हणून बादली झाकून ठेवा. परत भरायला कूलंट आणि बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आधीच आणून ठेवा, नळाचं पाणी नको. आदल्या रात्री गाडी चढावर, तोंड वर करून लावा. भरताना हवा वरच्या झाकणातून निघून जाते. हँडब्रेकवर विसंबू नका, मागच्या चाकाला दगड लावा, आणि सकाळी इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.