शोगुन शोडाउन खेळताय? मग या चुका टाळा

'शोगुन शोडाउन' 2023 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला आणि सप्टेंबर 2024 मध्ये पूर्ण झाला. रोबोॲटिनो या छोट्या स्टुडिओचा हा गेम. सरंजामी जपानची पार्श्वभूमी, मुखवटे घातलेले योद्धे, बांबूचं बन आणि शेवटी शोगुनचा किल्ला. दुकानात त्याच्यावर 'रोगलाइक डेक-बिल्डर' (हरलात की डाव पहिल्यापासून, आणि खेळता खेळता पत्त्यांचा संच जमवायचा) असा शिक्का असतो, आणि बहुतेकांची फसगत त्या शिक्क्यामुळेच होते. 'स्ले द स्पायर' या पत्त्यांच्या गेममध्ये दोनचारशे तास घालवलेला माणूस इथे येतो, तिथल्या सवयी घेऊन खेळतो आणि पहिल्या-दुसऱ्या बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी, आडवा होतो.

फरक आधी समजून घ्या. 'स्ले द स्पायर'मध्ये दर वेळी पाच पत्ते हातात येतात, ते खेळायला तीन एनर्जी मिळते, आणि ती संपेपर्यंत शत्रू थांबलेला असतो. इथे पत्ते ओढणं हा प्रकारच नाही. पत्त्यांच्या जागी टाइल असतात, एकेक टाइल म्हणजे एकेक हल्ला, आणि तुमच्या सगळ्या टाइल कायम समोर दिसतात. वापरलेली टाइल ठरावीक चालींनी पुन्हा तयार होते, एवढंच. पट म्हणजे घरांची एकच आडवी ओळ. डावीकडे सरकलात, एक चाल गेली. मागे वळलात, एक चाल गेली. पुढच्या हल्ल्याच्या रांगेत टाइल लावलीत, तरी एक चाल गेली. आणि तुमच्या प्रत्येक चालीला पटावरचे सगळे शत्रूही आपापली चाल करतात. या गेममध्ये खरं चलन चाल हेच आहे. खालच्या बहुतेक चुका ते उधळण्याच्याच आहेत.

तीन टाइल भरल्याशिवाय हल्लाच न करणं

रांगेत तीन टाइल मावतात, म्हणून नवखा खेळाडू दर वेळी तिन्ही भरतो. हिशेब करून बघा: भरायला तीन चाली, हल्ल्याला एक, एकूण चार. तेवढ्यात समोरचा तलवारवाला दोन घरं पुढे येऊन, हल्ला तयार करून वार करून मोकळा झालेला असतो. एका टाइलने मरणारा शत्रू असेल तर एकच टाइल लावा आणि मारा. तीनची रांग राखून ठेवायची ती बॉससाठी, किंवा शत्रू अजून लांब आहेत आणि चाल फुकटच जाणार आहे अशा वेळेसाठी. शत्रूंची नवी लाट यायच्या आधी पट रिकामा असेल तर मात्र रांग भरून ठेवा. त्या क्षणी नुसतं उभं राहणं हा शुद्ध आळस आहे.

शत्रूच्या डोक्यावर काय आहे ते न वाचणं

शत्रूने कोणता हल्ला तयार केलाय ते त्याच्या डोक्यावर दिसतं, आणि पुढच्या चालीला तो वार करणार असेल तर तशी खूणही दिसते. गेम काहीही लपवत नाही. घड्याळही लावत नाही, तुम्ही दहा मिनिटं विचार केलात तरी समोरचा तसाच उभा राहतो. तरीही लोक ॲक्शन गेम असल्यासारखी बटणं बडवतात. डाव हरलात तर शेवटच्या चार चाली आठवून बघा. बहुतेक वेळा मरण दोन चाली आधीच पटावर दिसत असतं.

दुसऱ्याच्या हाताने काम करून न घेणं

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून जरा थांबून बोलू. शत्रूंचे वार एकमेकांनाही लागतात. बाणाच्या वाटेत जो पहिला येईल त्याला तो लागतो, मग तो तुम्ही असा की त्यांच्यातलाच कोणी. सुरुवातीचं पात्र, म्हणजे वॉंडरर, समोरच्या शत्रूशी जागेची अदलाबदल करू शकतो. आता समजा, डावीकडे धनुर्धारी तुमच्यावर नेम धरून उभा आहे आणि उजवीकडे, अगदी लगतच्या घरात, तलवारवाला वार करायच्या बेतात आहे. तलवारवाल्याशी जागा बदला. तो आता तुमच्या आणि बाणाच्या मध्ये आला. त्याचं तोंड अजून डावीकडेच, त्यामुळे त्याची तलवार तुम्हाला लागत नाही. धनुर्धाऱ्याचा बाण मात्र त्याच्या छातीत. तुमची एकही टाइल खर्च झाली नाही.

ही खास चाल लगेच पुन्हा वापरता येत नाही, तिलाही तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून ती फक्त पळायला वापरणं हा अपव्यय आहे. अदलाबदल केल्यावर कुणाचा वार कुणावर पडेल, हे पाहून वापरा. शत्रूला खेचून आणणारा आकडा (हुक) असेल तर तोही याच कामाला उत्तम.

कोपऱ्यात जाऊन बसणं

शत्रू दोन्ही बाजूंनी येतात, म्हणून ओळीच्या टोकाला गेलं की पाठ सुरक्षित, असं वाटतं. पाठ सुरक्षित असते हे खरं, पण सरकायला घरच उरत नाही, आणि सगळे शत्रू एकाच बाजूला रांगेत उभे राहिले की कुणाचा वार कुणावर वळवायचा हा खेळही संपतो. भाला समोरच्या दोन घरांपर्यंत पोचतो. भालेवाला समोर असताना टोकाला उभं राहणं म्हणजे आपणहून सुळावर चढणं. निदान एक मोकळं घर मागे ठेवा.

अपग्रेड सगळ्यांना थोडंथोडं वाटणं

टाइलवर अपग्रेडच्या जागा मोजक्याच असतात. पंगतीत वाढल्यासारखं प्रत्येकीला एकेक दिलं तर शेवटी एकही धड टाइल उरत नाही. दोन किंवा तीन टाइल निवडा आणि त्यांच्यावरच खर्च करा. डॅमेज (वाराची ताकद) की कूलडाउन (टाइल पुन्हा तयार व्हायला लागणाऱ्या चाली), यावर खेळाडूंत वाद चालतो. माझं मत विचाराल तर मुख्य टाइलचं कूलडाउन आधी कमी करा. चार जीव असलेल्या शत्रूला तीनचा वार पुरत नाही, तिथे एक डॅमेज वाढवणं सोन्याचं. त्यावर आणखी दोन वाढवलेत तर त्या शत्रूपुरते ते वाया गेले. टाइल लवकर परत मिळणं मात्र कुठेच वाया जात नाही.

उलट बाजूही आहे. 'डेक बारीक ठेवा' हा स्पायरचा मंत्र इथे अर्धाच लागू पडतो. जास्त टाइल घेतल्याने चांगली टाइल हातात यायची थांबत नाही, कारण त्या सगळ्या हातातच असतात. पण दोनच टाइल असतील आणि दोन्ही थंड पडल्या असतील, तर तुम्ही नुसते नाचत राहता.

ढालीवर मोठा वार फुकट घालवणं

ढाल एक वार अडवते, मग तो एकचा असो की सहाचा. रांगेत हलकी टाइल आधी, जड टाइल नंतर. शापाच्या बाबतीतही क्रमच महत्त्वाचा: शापित शत्रूला बसणारा पुढचा वार दुप्पट होतो, तेव्हा शापानंतर लगेच सगळ्यात जड टाइल आली पाहिजे.

रसायनं आणि गुंडाळ्या जपून ठेवण्यातही अर्थ नाही. जागा मर्यादित, डाव संपला की सगळं जातं.

टाइलमध्ये तानेगाशिमा नावाची बंदूक भेटते. ही खरी होती. 1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर ती तानेगाशिमा बेटावर पोचली, आणि तिची घडण गोव्यातल्या पोर्तुगीज शस्त्रशाळेतल्या बंदुकांवरून आली असं अनेक अभ्यासक मानतात. गेमला याचं काही देणंघेणं नाही, पण मांडवीकाठच्या कारागिरीने शोगुनला गोळी घालण्यात एक वेगळीच मजा आहे.

खेळताना नाण्यांसारख्याच मिळणाऱ्या कवट्यांचं काय करायचं, हा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. नाणी चालू डावापुरती असतात. कवट्यांनी पुढच्या डावांसाठी नव्या टाइल आणि स्किल खुल्या होतात. एकाच फटक्यात अनेकांना मारल्यावर बक्षीस देणारी कॉम्बोची स्किल आवडत असतील तर दोन्ही बाजूंना वार करणाऱ्या टाइल आधी खुल्या करा. आणि शोगुन एकदा पडला की 'दिवस' वाढतो, म्हणजे काठिण्य वाढतं. तिथे चढायची घाई नको. आधी दुसऱ्या पात्राने पहिलाच दिवस जिंकून बघा, कारण पात्र बदललं की खास चाल बदलते, आणि अदलाबदलीच्या भरवशावर बसवलेला सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.