एक्सपीएस मोजणीत औषधाच्या नमुन्याला होणारी किरणहानी कशी ओळखावी

क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटमापनात, म्हणजे एक्सपीएसमध्ये, क्ष-किरणांमुळे बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून पृष्ठभागाचा जेमतेम १० नॅनोमीटर जाडीचा थर तपासला जातो. धातूच्या नमुन्याला या मोजणीची सहसा झळ लागत नाही. सेंद्रिय औषधाचे रेणू मात्र मोजणी चालू असतानाच बदलू शकतात. बंध तोडण्याचे बरेचसे काम क्ष-किरणांपेक्षा त्यांच्यामुळे नमुन्यातच सुटणारे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन करतात.

त्यामुळे आधी सर्वेक्षण वर्णपट (सर्व मूलद्रव्यांचा ढोबळ आढावा) आणि मग बारकाईची मोजणी, हा नेहमीचा क्रम येथे बदलावा. रेणूतील सर्वांत नाजूक भाग आधी ओळखावा: कार्बनला जोडलेला क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन, नायट्रो गट, हायड्रोक्लोराइड क्षार. त्याचा छोटा वर्णपट प्रथम घ्यावा, बाकीची मूलद्रव्ये नंतर मोजावीत आणि शेवटी त्याच जागी पहिलीच मोजणी त्याच सेटिंगवर पुन्हा करावी. ही शेवटची मोजणी वेळ वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि नेमके तेच महागात पडते.

अमीनच्या हायड्रोक्लोराइडचे उदाहरण घ्या. प्रोटॉन जोडलेल्या नायट्रोजनचे शिखर साधारण ४०१.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट बंधन ऊर्जेला दिसते. हानी सुरू झाली की ३९९.५च्या आसपास खांदा (मुख्य शिखराला चिकटलेला छोटा उंचवटा) उगवतो आणि त्याच वेळी क्लोरीनचे कार्बनशी असलेले गुणोत्तर घटते, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड निघून जात असतो. केवळ शेवटचा वर्णपट पाहणारा मात्र पृष्ठभागावर मुक्त बेस (हायड्रोजन क्लोराइड न जोडलेला अमीन) मुळातच होता, असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. गुणोत्तराचा वेळेनुसार आलेख काढून तो शून्य वेळेपर्यंत मागे नेल्यास मूळ प्रमाणाचा अंदाज येतो.

किरणांची मात्रा कमी करण्यासाठी एकवर्णी (जवळपास एकाच ऊर्जेचे क्ष-किरण देणारा) स्रोत वापरावा, पास एनर्जी (विश्लेषकातून इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेने पुढे जातात ती) वाढवून मोजणी लवकर उरकावी आणि शक्य असल्यास नमुना थंड ठेवावा. जागा बदलणे हा उत्तम उपाय आहे, पण शलाका केंद्रित नसेल तर शेजारची ‘ताजी’ जागाही तितकाच वेळ किरणांखाली राहिलेली असते. प्रभार समतोल राखणाऱ्या फ्लड गनचे इलेक्ट्रॉनही निरुपद्रवी नसतात. ती आवश्यक तेवढ्याच प्रवाहावर ठेवावी आणि तिचा वेळही नोंदवहीत लिहावा.

आयनांच्या माऱ्याने वरचे थर काढत खोलीनुसार विश्लेषण करायचे असल्यास एकाणू आर्गॉन आयनांऐवजी आर्गॉनच्या समूह-आयनांची शलाका घ्यावी, कारण समूहातील प्रत्येक अणूच्या वाट्याला फारच थोडी ऊर्जा येते आणि खालचा थर बराचसा शाबूत राहतो.