काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कसे दाखवावेत

आधी एक विचित्र रंगांचं चित्र. आकाश नारिंगी, गवत जांभळं. मध्यावरच्या ठिपक्याकडे अर्धा मिनिट बघायचं. मग चित्र बदलतं आणि तोच देखावा खऱ्या रंगांत समोर येतो. आकाश निळं, गवत हिरवं. नजर जरा हलली की कळतं, समोर साधा काळा-पांढरा फोटो आहे.

हा दृष्टिभ्रम स्वतःच्या फोटोचा करायला अर्धा तास पुरतो. पण 'फोटो निगेटिव्ह करा आणि टक लावून बघा' एवढ्याच सल्ल्यावर केलात तर बहुतेक वेळा फसतो, आणि मग लोक स्वतःच्या डोळ्यांना दोष देतात. डोळ्यांचा काही दोष नसतो. (लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही त्यांना काही रंग फिके दिसतील, तेवढंच.)

फोटो असा निवडा की त्यात मोठे, सलग रंग आणि ठळक कडा असतील: आकाश, गवत, एखादी लाल छत्री. चेहरे नकोत, बारीक फुलांचा ताटवा तर नकोच. नजर कितीही रोखली तरी डोळा बारीक बारीक हलत असतो आणि छोटे ठिपके एकमेकांत मिसळून जातात.

आता चित्र तयार करणं. गिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. फोटो उघडा, 'कलर्स'मधल्या 'कॉम्पोनंट्स'मध्ये जाऊन 'डिकंपोज' करा आणि तिथे 'लॅब' निवडा. फोटोचे तीन लेअर होतात. 'एल'मध्ये फक्त उजेड-अंधार, 'ए' आणि 'बी'मध्ये फक्त रंग. हा 'एल' म्हणजेच तुमचा काळा-पांढरा फोटो, तो आधी वेगळा सेव्ह करा. मग 'एल' लेअर एकाच राखाडी छटेने भरून टाका, मध्यमपेक्षा किंचित उजळ. 'ए' आणि 'बी' दोन्ही इन्व्हर्ट (म्हणजे उलटे) करा, त्यांचा कॉन्ट्रास्ट चांगला वाढवा आणि 'रिकंपोज' करा. भडक, सपाट, सावल्या नसलेलं चित्र मिळेल. कुरूप दिसतं, तसंच दिसायला हवं.

सरळ निगेटिव्ह का नको? फोटोतलं उजळ फिकट आकाश निगेटिव्हमध्ये काळपट तपकिरी होतं. त्या भागातून डोळ्यात प्रकाशच कमी जातो, मग डोळा कशाशी जुळवून घेणार? उजेड सगळीकडे सारखा ठेवला की प्रत्येक रंग पुरेसा जोर लावतो. काळ्या-पांढऱ्या प्रतीतले अगदी गडद काळे भागही थोडे उजळवून घ्या. रंग राखाडीवर चढतो, काळ्यावर नाही.

दोन्ही चित्रांत नेमक्या एकाच जागी छोटा ठिपका द्या. काळा, भोवती पांढरी कड.

इथवर सगळं सोपं. घोडं अडतं ते पुढे, आणि माझं चांगलंच अडलं होतं. पहिल्यांदा मी हा प्रयोग खोलीभर माणसांना मोबाइलवर दाखवायला बसले. दोन्ही चित्रं गॅलरीत शेजारी-शेजारी. सगळ्यांनी अर्धा मिनिट बघितलं, मी बोटाने चित्र सरकवलं, आणि कोणालाच काही दिसलं नाही. एकाने माझं मन राखायला 'हो, थोडंसं हिरवं वाटलं' म्हटलं. पुढचे दोन दिवस मी रंग वाढवत बसले, आणखी भडक, आणखी भडक. सगळं फुकट. चूक रंगात नव्हतीच, सरकवण्यात होती. चित्र बाजूला सरकताना नजर नकळत त्याच्याबरोबर जाते आणि ठिपका सुटतो. खेळ तिथेच संपतो.

नजर हलल्याने एवढं का बिघडावं, हे कळलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. एकोणिसाव्या शतकात एवाल्ड हेरिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडलं की रंग आपल्याला जोड्यांनी जाणवतात: लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा. एका जागी बराच वेळ एकच रंग पडत राहिला तर दृष्टिपटल त्याला सरावतं, आणि रंग हटला की तिथला संदेश विरुद्ध बाजूला झुकतो. 'शंकूपेशी (दृष्टिपटलातल्या रंग टिपणाऱ्या पेशी) थकतात' हे ठरलेलं वाक्य अर्धवट आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा उलटा संदेश त्यांच्या पुढच्या टप्प्यावरच्या, मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या गँग्लियन पेशींमध्ये आढळला. काही असो, तो ठसा दृष्टिपटलावरच्या ठरावीक जागी असतो. डोळा फिरला की ठसाही त्याच्याबरोबर फिरतो.

पण नुसत्या ठशाने भागत नाही. भडक चित्र बघून पांढऱ्या भिंतीकडे पाहा: अस्पष्ट, विरघळणारे डाग दिसतील. तोच ठसा काळ्या-पांढऱ्या फोटोवर, कडेला कड लागून बसला तर मात्र रंग ठसठशीत दिसतात. १९६२ मध्ये दृष्टीचे अभ्यासक नायजेल डॉ यांनी नेमकं हेच दाखवलं. रंगाचा ठसा आणि फोटोतल्या रेषा जुळल्या की मेंदू रंग दाखवतो, नजर हटली की दाबून टाकतो, आणि नजर परत ठिपक्यावर आली की रंगही परत येतो. २००९ मध्ये तर असंही दिसलं, की एकाच रंगीत आकृतीनंतर कोणती बाह्यरेषा दाखवली यावर दिसणारा रंग ठरतो.

म्हणून चित्र जागच्या जागी बदललं पाहिजे. दोन स्लाइड करा, ट्रान्झिशन पूर्ण बंद. किंवा छोटा व्हिडिओ करा: पंचवीस सेकंद रंगीत, मग एका झटक्यात काळा-पांढरा. हळूहळू विरघळणारा बदल मुळीच नको. दोन्ही चित्रं एकाच मापाची हवीत. एकाची कड जरी कापली गेली तरी झूम बदलतो आणि रेषा चुकतात.

बघणाऱ्याचं डोकंही हलता कामा नये, मागे-पुढे तर नाहीच. डोळ्यातला ठसा लहान-मोठा होत नाही, पडदा जवळ आला की फोटो मात्र मोठा होतो. पटत नसेल तर रंगीत चित्र बघून झाल्यावर आधी तळहाताकडे बघा, मग समोरच्या भिंतीकडे. तोच डाग हातावर इवलासा आणि भिंतीवर भलामोठा दिसतो. नेत्रतज्ज्ञ एमिल एमर्ट यांनी १८८१ मध्ये हा नियम मांडला. कोपर टेबलावर आणि हनुवटी तळव्यावर टेकवायला सांगा, पुरतं.

'पापणी लवू देऊ नका' हा सल्ला देणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. पापणी न लववता अर्धा मिनिट काढलं की डोळ्यांत पाणी येतं, ठिपका धूसर होतो आणि ऐन वेळी माणूस डोळे चोळतो. खुशाल पापण्या लवू द्या. नजर ठिपक्यावर असली म्हणजे झालं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. दहा-पंधरा सेकंदांनी भडक चित्राचे रंग फिके पडायला लागतात, कडेचे भाग तर नाहीसेच झाल्यासारखे वाटतात. लोक दचकतात आणि 'काय झालं' म्हणून तिकडे बघतात. तेवढ्यात मेहनत वाया. इग्नाझ ट्रॉक्सलर या डॉक्टरने १८०४ सालीच याची नोंद केली होती: नजर स्थिर राहिली की कडेचं दृश्य विरतं. रंग फिके पडतायत म्हणजे प्रयोग जमतोय.

मोबाइलचा नाइट मोड आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद ठेवा. मोठा पडदा असेल तर उत्तम.

रंग काही सेकंदच टिकतात. त्याच माणसाला पुन्हा दाखवायचं असेल तर दोन मिनिटं थांबा, नाहीतर जुना ठसा नव्यात मिसळतो. रंग दिसल्याची ओरड झाली की त्याला नजर कोपऱ्यात न्यायला आणि लगेच ठिपक्यावर परत आणायला सांगा. घालवलेला रंग परत आलेला बघण्यात खरी गंमत आहे. तरीही कोणीतरी म्हणतंच, 'तू मध्येच रंगीत फोटो घुसवलास.' आणि शहानिशा करायला मोबाइल उचलून डोळ्यांजवळ नेतं. तेवढ्यानेच रंग जातो.