सर्क्युलर इकॉनॉमीचा प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

सर्क्युलर इकॉनॉमी म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरवत ठेवणं. दरवर्षी कॉलेजांत त्यावरच्या प्रोजेक्टचा सीझन आला की तेच ते बघून वैताग येतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे बाटल्यांच्या कुंड्या. अरे बाबांनो, पाण्याची बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची असते, बुडाला त्रिकोणात 1 असतो बघा, भंगारवाला ती आनंदाने घेतो आणि तिचा पुढे पॉलिस्टरचा धागा होतो, म्हणजे चक्र आधीच चालू आहे. तुम्ही तिला कापून, ऑइलपेंट मारून, ग्लू गनने टिकल्या चिकटवता आणि मग भंगारवालाही हात लावत नाही! एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेलो होतो, तिथे बाटल्यांची अख्खी भिंत, दिसायला झकास. म्हटलं, एवढ्या एकसारख्या बाटल्या मिळाल्या कुठे? तर म्हणे, "सर, कॅन्टीनमध्ये मॅचिंग मिळेनात, मग होलसेलमधनं बॉक्सच आणले." पाणी? झाडांना घातलं. आणि पहिलं बक्षीस त्यांनाच, बाकीचे दोन परीक्षक भिंतीवर फिदा.

प्रोजेक्ट ठरवताना मी आधी भंगारवाल्याकडे जाऊन बसतो. काय घेतोस, काय भावाने, काय परत पाठवतोस. पुण्यात असाल तर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंना विचारा, सुका कचरा त्यांच्याएवढा कोणाला कळत नाही. चिप्सची पाकिटं भंगारवाले सहसा घेत नाहीत, कारण प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. डोकं लावायचंय ना, तिथे लावा.

दुसरं, कंपोस्ट. मेसमधला उरलेला भात-आमटी नुसती ड्रममध्ये ओततात आणि वास सुटला की कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पाकिटं आणायला पळतात, कारण सबमिशन जवळ आलेलं. कल्चर काय करणार त्यात, सुक्या पाल्यातून मिळणारा कार्बनच पुरेसा नाहीये! कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण 30 ला 1 लागतं. मी बादलीभर ओल्याला दोन बादल्या सुका पाला घालतो, ड्रमला भोकं, वर ताकाचा हबका, बस. आणि हाच पाला त्याच कॅम्पसमध्ये मागच्या बाजूला जाळत असतात.

टोट बॅगा छापून वाटू नका, घरोघरी पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या पडल्यात.

वजनकाटा वापरा, "खूप कचरा वाचवला" हा आकडा नाही.

ई-वेस्ट गोळा करायच्या आधी अधिकृत रिसायकलर ठरवा, नाहीतर सगळं विभागप्रमुखांच्या कपाटात जातं. फुगलेली मोबाइल बॅटरी तर त्या ढिगात टाकूच नका, पेट घेऊ शकते.