ॲल्युमिनियम-तांबे जोड: फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये पिन कुठे ठेवायची

फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू वितळवायचा नसतो. टूलच्या टोकाची फिरती पिन त्याला तापवून मऊ करते, पुढचा माल वळसा घालून मागे नेते आणि शोल्डर, म्हणजे पिनच्या वरचा रुंद भाग, तो वरून दाबून बसवतो. पण बसबारसाठी (जास्त विद्युतप्रवाह वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांसाठी) ॲल्युमिनियमला तांबं जोडताना ‘भरपूर ढवळलं की जोड पक्का’ हा हिशोब चुकतो. दोन्ही धातू जिथे भिडतात तिथे Al₂Cu आणि Al₄Cu₉ अशी ठिसूळ संयुगं तयार होतात. हा थर सुमारे एक मायक्रॉनचा असला की जोड धरतो; जाड झाला की वाकवताना तिथेच तडकतो. त्यात भर म्हणजे या जोडीचा युटेक्टिक, म्हणजे दोन्ही धातूंचं सर्वांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, ५४८ अंश सेल्सिअसलाच वितळतो, ॲल्युमिनियमच्या ६६० अंशांच्या बऱ्याच आधी.

बाजू आधी ठरवा. स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर टूल पुढे जाताना डावी बाजू ॲडव्हान्सिंग, म्हणजे जिथे पिनचा पृष्ठभाग टूलच्याच दिशेने पुढे सरकतो ती. तांबं तिथेच लावायचं. पिन तांब्याचे बारीक कण खरवडून ॲल्युमिनियममध्ये नेते आणि मागे उरलेली पोकळी उजवीकडचं मऊ ॲल्युमिनियम भरून काढतं. उलट लावलं तर तांब्याचा कडक माल पलीकडे पोचत नाही, ॲल्युमिनियम फ्लॅश होऊन, म्हणजे कडेने बाहेर सांडून, वर येतं आणि आत लांबट पोकळी (बोगदा) राहते.

५ मिमी प्लेटसाठी सुरुवात अशी करा: एच-१३ स्टीलचं टूल, शोल्डर २० मिमी, पिन ६ मिमी व्यासाची आणि ४.८ मिमी लांब, टिल्ट (टूलचा मागे कल) २.५ ते ३ अंश, ६०० आरपीएम, फीड (टूल पुढे जाण्याचा वेग) १०० मिमी प्रति मिनिट. पिनला डावे आटे असावेत, म्हणजे माल खाली ढकलला जातो.

पिनचा मध्य सांध्यावर ठेवू नका. २ मिमी ॲल्युमिनियमकडे सरकवा. म्हणजे तांब्यात पिन जेमतेम १ मिमी शिरते. सगळा खेळ या १ मिमीचा आहे. पूर्ण लांबीत सांधा अर्धा मिमी जरी तिरका गेला, तरी एका टोकाला तांब्याचे मोठे तुकडे तुटून माल अडतो आणि दुसऱ्या टोकाला पिन तांब्याला धड लागत नाही. म्हणून क्लॅम्प आवळल्यावर सांध्याची कड डायल गेजने तपासायची, आवळण्याआधी नाही. आवळताना प्लेट हलतेच.

कडा स्टेनलेस ब्रशने घासून ॲसिटोनने पुसा. खाली स्टीलची बॅकिंग प्लेट आणि दोन्ही बाजूंना आडवा दाब हवा. फट शक्यतो शून्य ठेवा. पिन शिरल्यावर ५ ते १० सेकंद थांबा, कारण तांबं उष्णता ओढून घेतं. हलक्या स्पिंडलचं मशीन यासाठी वापरू नका. दाब काही किलोन्यूटनचा असतो.

पृष्ठभाग गुळगुळीत दिसला म्हणून फसू नका. एक तुकडा आडवा कापून पॉलिश करा. चंदेरी ॲल्युमिनियममध्ये लालसर बारीक पट्टे आणि कण दिसले तर ठीक. मोठे लाल गोळे आणि त्यांच्याशेजारी काळ्या भेगा दिसल्या तर पिन अजून ॲल्युमिनियमकडे सरकवा. ॲडव्हान्सिंग बाजूला खालच्या कोपऱ्यात भोक दिसलं तर उष्णता किंवा दाब कमी पडला: आधी फीड कमी करा, मग शोल्डर ०.१ मिमी खोल न्या. आरपीएम वाढवणं शेवटी. त्याने ठिसूळ थर जाड होतो. तळाशी न जुळलेल्या सांध्याची सरळ रेष उरली असेल तर पिन आखूड पडली. ती रेष डोळ्यांना निसटते, म्हणून तळ बाहेरच्या अंगाला ठेवून पट्टी वाकवा.