चौथीच्या मुलाला वाचता येत नसेल तर: पन्नास दिवसांचा वाचन वर्ग कसा लावायचा

शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत नापास झालेल्या मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियमही केले. तेव्हापासून ढकलपास बंद झाले ते बरे की वाईट, हा वाद थांबलेला नाही. पण पाचवीत आलेल्या ज्या मुलाला ‘पिशवी’ हा शब्द जुळवता येत नाही, त्याला मागे ठेवा नाहीतर वर ढकला, दोन्हीकडे त्याच्यापुढे त्याला न वाचता येणारेच पुस्तक येणार. नापास झालेल्यांना निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा द्यायची असते. तेवढ्या मुदतीत धडे पाठ करून घेता येतात, वाचन येत नाही. त्याची तयारी जुलै-ऑगस्टमध्येच करायला हवी.

ती करण्याची एक पद्धत महाराष्ट्रातल्या शाळांना अनोळखी नाही. मुलांचे गट इयत्तेनुसार न करता वाचनाच्या पातळीनुसार करायचे, रोज ठरलेला वेळ फक्त वाचनाला द्यायचा आणि मूल जिथे उभे आहे तिथून शिकवायचे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ही पद्धत रुजवली आणि अनेक राज्यांत तिची काटेकोर पडताळणी झाली. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकांनी रोजचा एक तास यासाठी राखला, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. जिथे नुसते प्रशिक्षण आणि साहित्य वाटले आणि गट व वेळ शाळेवर सोडून दिले, तिथे फारसे काही हलले नाही. म्हणून वेळापत्रकात जागा करणे हे पहिले काम. ते जमणार नसेल तर पुढचे काही सुरू करू नका.

आधी तपासणी

एका मुलाला चार-पाच मिनिटे लागतात. तीस मुले असतील तर दोन दिवस धरा. कागद स्वतः तयार करा, पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका. मुलांना धडे तोंडपाठ असतात आणि पानावरचे चित्र पाहूनही ती घडाघडा ‘वाचतात’. कागदावर चार भाग हवेत: दहा सुटी अक्षरे, दहा सोपे शब्द (गाय, नदी, फूल, मोर, पैसा असे), चार वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. परिच्छेदात जोडाक्षर नको. उदाहरणार्थ: ‘आज गावचा बाजार आहे. आई लवकर उठली. तिने पिशवी घेतली. मी पण आईबरोबर निघाले.’ गोष्टीत मात्र पुस्तक, रस्ता, दुसऱ्या असे शब्द येऊ द्या.

सुरुवात परिच्छेदापासून करा. वाक्य वाक्यासारखे वाचले आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर गोष्ट द्या. गोष्ट जमली आणि तिच्यावरच्या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे आली, तर मूल गोष्ट पातळीवर. परिच्छेदात अडले, किंवा एकेक शब्द सुटासुटा तोडून वाचला, तर शब्दांकडे या. कोणतेही पाच शब्द मुलालाच निवडू द्या; चार बरोबर आले तर शब्द पातळी. नाही आले तर पाच अक्षरे विचारा. चार ओळखली तर अक्षर पातळी, त्याहून कमी तर प्रारंभिक.

मुलाला ओसरीवर किंवा रिकाम्या खोलीत शेजारी बसवून घ्या. सगळ्या वर्गासमोर तपासणी केली की पाचव्या मुलापर्यंत परिच्छेद सगळ्यांना पाठ झालेला असतो, म्हणून दोन वेगवेगळे कागद जवळ ठेवा. वाचताना चूक दुरुस्त करू नका, ‘हवा तेवढा वेळ घे’ एवढेच सांगा.

बोली आणि चूक यांत गल्लत होऊ देऊ नका. वऱ्हाडातले मूल ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणते, खूप ठिकाणी ‘पाणी’चे ‘पानी’ होते. त्याने अक्षर ओळखले आणि आपल्या घरच्या उच्चाराने म्हटले. ते वाचन बरोबर आहे. ‘डोळा’ला ‘डोका’ म्हटले तर ती चूक. कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे आणखी जपावे लागते. शब्द वाचला पण अर्थ कळला नाही, असे तिथे पुष्कळदा होते, त्यामुळे अर्थ त्यांच्या भाषेत सांगितला तरी तो ग्राह्य धरा.

गट आणि वेळ

समजा द्विशिक्षकी शाळेत तिसरी ते पाचवीची ३४ मुले आहेत: प्रारंभिक ५, अक्षर ९, शब्द ११, परिच्छेद ५, गोष्ट ४. पहिल्या दोन पातळ्यांची १४ मुले एका शिक्षकाकडे, उरलेली २० दुसऱ्याकडे. पहिली-दुसरीची मुले पहिल्या गटातच बसवा, त्यांचे कामही तेच आहे. खालचा गट अनुभवी शिक्षकाने घ्यावा. बहुतेक शाळांत नेमके उलटे होते आणि पन्नास दिवसांनंतरही तो गट तिथेच राहतो.

परिपाठ संपला की लगेच दीड तास. मधल्या सुट्टीनंतर ठेवला तर पोषण आहार, टपाल, बैठक यांत तो निम्मा खाल्ला जातो. उरलेल्या वेळात इयत्तेचे नेहमीचे विषय चालू ठेवा.

प्रारंभिक, अक्षर आणि शब्द पातळीचा दिवस

पहिली दहा मिनिटे गप्पांची. एक चित्र किंवा एक विषय (पाऊस, बैल, एसटी) घ्या, मुलांनी सांगितलेले शब्द फळ्यावर लिहा. त्यानंतर शिक्षकाने छोटा परिच्छेद शब्दाखाली बोट फिरवत वाचायचा, मग मुलांनी आपापल्या कागदावर बोट ठेवून. मूल बोलते एक आणि बोट असते भलतीकडे, हे इथेच पकडता येते.

मग बाराखडी, आणि तिला रोज वीस मिनिटे द्या. ‘क का कि की’ गाण्यासारखे सगळ्यांना येते, पण मधल्याच ‘कु’वर बोट ठेवले की मूल पहिल्यापासून मनात मोजत येते. म्हणून तक्ता आडवा वाचून झाला की उभा वाचा: का, खा, गा, घा. मग उलटा, मग कुठेही बोट ठेवून. रोज दोनच अक्षरांच्या ओळी घ्या, पण चारही दिशांनी.

पहिल्या वेलांटीपाशी जास्त थांबा. ‘कि’मध्ये वेलांटी कागदावर आधी येते आणि तोंडात नंतर. डावीकडून उजवीकडे जुळवत जाणारे मूल ‘पिशवी’ला ‘इपशवी’ म्हणते किंवा वेलांटी सोडून ‘पशवी’ म्हणते. हा गोंधळ आहे, आळस नव्हे. पुठ्ठ्याचे ‘प’ आणि वेलांटी असे दोन तुकडे करा. आधी ‘प’ ठेवून म्हणवून घ्या, मग डावीकडे वेलांटी सरकवून ‘पि’. आठवडाभर रोज दहा जोड्या घेतल्या की हात आणि जीभ जुळू लागतात.

अक्षरांचा क्रम वर्णमालेचा नको. क, म, ल, न, र, स, ब, घ आणि काना एवढ्यांवर घर, बस, नाक, मामा, काका, माकड असे शब्द लगेच तयार होतात (‘माकड’साठी ड आधी घ्या). ‘ग म भ न’ हा जुना क्रम पाटीवर वळण बसवायला चांगला, पण वाचताना भ आणि म एकाच दिवशी समोर आले की घोळ होतो. घ-ध, थ-य, ब-व, ट-ठ यांचेही तसेच: एक पक्के झाल्यावर चार-पाच दिवसांनी दुसरे. कागद मोबाइलवर तयार केला असेल तर ल आणि श नीट पाहा. बरेच टंक (फॉन्ट) ही अक्षरे हिंदी वळणाची दाखवतात आणि पुस्तकातले वळण पाहिलेले मूल तिथे अडते.

पुढचा अर्धा तास चार-चार मुलांच्या टोळक्यात शब्दपट्ट्यांचे खेळ. शेवटी पंधरा मिनिटे लेखन, तेही मनातले. फळ्यावरचे उतरवून घेणे म्हणजे लेखन नव्हे. ‘आज काय खाल्लं’ याचे उत्तर मूल जसे जमेल तसे लिहील. ‘भकर’ असे लिहिले तर त्याला भाकरीतले भ, क आणि र ऐकू आले, काना आणि वेलांटी राहिली. उद्याचा पाठ तुम्हाला तिथेच मिळतो.

परिच्छेद आणि गोष्ट पातळीच्या मुलांना ‘वाचत बसा’ म्हणून सोडू नका. त्यांची जोडाक्षरे कच्ची असतात. ‘र’ची चार रूपे (प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दुसऱ्या) वेगवेगळ्या दिवशी घ्या. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेत तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. घड्याळ लावा, पण आठवड्यातून एकदाच, आणि दरवेळी गोष्टीवर ‘का’ने सुरू होणारा एक प्रश्न विचारा. वेगाच्या नादात अर्थ सुटतो.

कुठे बिघडते

सर्वांत मोठा धोका गट कायमचे होण्याचा. पंधरा दिवसांत गटाला नाव पडते, मूल स्वतःला ‘ढ’ समजू लागते आणि प्रयत्न सोडते. म्हणून दर दहा दिवसांनी फिरती तपासणी करा आणि जे मूल वर गेले त्याला दुसऱ्याच दिवशी पुढच्या गटात हलवा. महिनाअखेरची वाट पाहू नका. सगळ्या मुलांची पूर्ण तपासणी पहिल्या, पंचविसाव्या आणि पन्नासाव्या दिवशी करा.

दुसरा धोका प्रगतीच्या तक्त्यातल्या आकड्यांचा. केंद्रप्रमुखांना प्रगती दिसावी म्हणून शब्द पातळीचे मूल कागदावर परिच्छेदात टाकले, की उद्यापासून त्याला न झेपणारा मजकूर मिळतो. नुकसान थेट त्या मुलाचे. शेवटची तपासणी दोन शिक्षकांनी गटांची अदलाबदल करून घ्यावी.

ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुले दिवाळीच्या आसपास जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा गावांत वर्ग जुलैतच सुरू करा. मूल परत आले की त्याच दिवशी तपासा. जाताना कुठे होते ते गृहीत धरू नका, सहा महिन्यांत एक पातळी सहज घसरते.

पन्नास दिवस नियमित हजर राहूनही एखादे मूल प्रारंभिकवरच राहिले, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांच्याकडे अशा मुलांची यादी आधीच तयार ठेवा. त्यातही काही निघाले नाही, तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या अडचणीची) शंका तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांपुढे मांडा. सोबत त्या मुलाच्या तिन्ही तपासण्यांचे कागद आणि त्याने स्वतः लिहिलेली चार-पाच पाने द्या.